कार्ड भारी घेतलं, आता सेटिंग्ज कशी लावायची? नवख्यांसाठी पायरी पायरीने

मी आरटीएक्स ४०८० हे ग्राफिक्स कार्ड घेतलं तेव्हा पहिल्याच रात्री सायबरपंक २०७७ हा गेम टाकला, ग्राफिक्सच्या मेनूत गेलो आणि जे जे उजवीकडे सरकतंय ते सगळं उजवीकडे सरकवलं. लाखाच्या वर पैसे घातलेत (घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे, तो विषय नको), मग कमी कशाला ठेवायचं, असा साधा हिशोब. गेम दिसायला झकास पण हाताला जड, माउस हलवला की कॅमेरा जरा उशिरा वळतोय असं वाटायचं. तीन आठवडे मी तसाच खेळलो आणि कार्डलाच शिव्या घातल्या. मग आतेभाऊ सुट्टीत आला, पाच मिनिटं खेळला आणि म्हणाला, "दादा, तुझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे ना, मग विंडोज ६० वर का ठेवलंयस?" (हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवते ते.) झालं. तेव्हापासून मी सेटिंग्जकडे नीट बघायला लागलो, आणि हे त्यातूनच लिहितोय. उदाहरण सायबरपंकचंच घेतो कारण त्यात सगळी जड जड सेटिंग्ज एकाच ठिकाणी सापडतात, वर गेममध्येच बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची चाचणी, दिलेला आहे. पद्धत मात्र कुठल्याही गेमला चालते.

आधी गेमच्या बाहेरचं बघा

कंटाळवाणं आहे माहितीय, पण अर्धे प्रॉब्लेम इथेच असतात.

मॉनिटरची वायर कार्डातच घातलीय ना, हे मागे वाकून डोळ्यांनी बघा. मदरबोर्डला पण एचडीएमआयचं भोक असतं आणि तिथे वायर घालून "कार्ड चालतच नाही" म्हणणारे मी दोन जण स्वतः बघितलेत, त्यातला एक इंजिनियर आहे. वायर पण जुन्या सेट टॉप बॉक्सची उचलून लावू नका. ४के ला १२० हर्ट्झ पाहिजे तर एचडीएमआय २.१ ची वायर लागते, नाहीतर मॉनिटरसोबत आलेली डिस्प्लेपोर्टची वापरा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट हाताने निवडा, तो आपोआप वर जाईलच असं नाही, माझं उदाहरण समोर आहे.

रॅम. डीडीआर५ च्या पाकिटावर ६००० लिहिलेलं असतं पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एएमडीच्या बोर्डावर एक्सपो हे रॅमच्या वेगाचं प्रोफाइल चालू केल्याशिवाय ती ४८०० वगैरेवरच चालत राहते. म्हणजे पैसे ६००० चे आणि काम ४८०० चं. त्याच बायोसमध्ये रिसायझेबल बार नावाचा ऑप्शन असतो, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारा, तोही चालू ठेवा, आणि रॅमच्या दोन काड्या असतील तर बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दोन स्लॉटमध्येच घाला.

करंटचं बघा. ४०८० चा रेटिंग ३२० वॉट, ४०९० चा ४५० वॉट आणि ५०९० तर थेट ५७५ वॉट. या कार्डांची कंपनी एनव्हिडिया ४०८० ला ७५० वॉटचा आणि ४०९० ला ८५० वॉटचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) सांगते, त्यात काटकसर नको. कार्डाचा तो नवीन बारीक सोळा पिनांचा कनेक्टर पूर्ण आत जाईपर्यंत दाबा आणि कनेक्टरपासून साडेतीन सेंटीमीटरच्या आत वायर वाकवू नका. २०२२ मध्ये ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या, त्यात अर्धवट बसलेला प्लग हे एक मोठं कारण निघालं. कॅबिनेटची काच वायरला टेकत असेल तर काच काढून ठेवा पण वायर दाबू नका.

आकडे दिसले पाहिजेत

अंदाजाने सेटिंग लावणं म्हणजे मीठ न चाखता भाजी उतरवणं. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका, त्याच्यासोबत स्क्रीनवर आकडे दाखवणारा रिवाट्यूनर येतो, किंवा एनव्हिडिया ॲपचा ओव्हरले असेल तर ऑल्ट आणि आर दाबा. स्क्रीनच्या कोपऱ्यात एवढं दिसू द्या: एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम्स), १ टक्का लो (सगळ्यात हळू १ टक्का फ्रेम्सचा वेग), जीपीयू म्हणजे कार्डाची चिप किती टक्के वापरात आहे, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), तापमान, आणि जमलं तर फ्रेमटाइमचा ग्राफ.

हा फ्रेमटाइम समजून घ्या कारण पुढचं सगळं यावरच आहे. ६० एफपीएस म्हणजे एक फ्रेम काढायला कार्डाला मिळतात १६.७ मिलिसेकंद. १२० ला ८.३. १४४ ला फक्त ६.९. महिन्याच्या पगारासारखं आहे हे, तेवढ्यातच सावल्या, धुकं, रिफ्लेक्शन, गर्दी सगळं भागवायचं. कार्ड भारी आहे म्हणजे पगार मोठा आहे एवढंच, पण सायबरपंकमधलं पाथ ट्रेसिंग (सगळा उजेड खऱ्यासारखा हिशोबून काढायचं सेटिंग) हे असं भाडं आहे की मोठा पगार पण एका झटक्यात संपतो. ४के वर डीएलएसएस (लहान चित्र काढून मोठं करून दाखवणारं, पुढे सांगतो) न लावता पाथ ट्रेसिंग चालू करून बघा एकदा, ४०९० सारखं कार्ड पण विशीत येऊन गुडघे टेकतं.

ग्राफची रेघ सपाट पाहिजे. सरासरी ११० आहे पण रेघ करवतीसारखी दातेरी असेल तर ते हाताला ८० पेक्षा वाईट लागतं, म्हणून १ टक्का लो कडे सरासरीपेक्षा जास्त लक्ष द्या.

टार्गेट ठरवा, मग मेनू उघडा

हे उलट करतात सगळे, मी पण केलं. आधी मेनू उघडतात, मग "किती येतंय बघू". त्याऐवजी आधी स्वतःला विचारा की मला काय पाहिजे. निवांत गोष्टीचा गेम असेल, कंट्रोलरवर सोफ्यावर बसून खेळणार असाल, तर एकसारखे ६० ते ८० फ्रेम्स भरपूर झाले. माउसने नेमबाजी करायची असेल तर १०० च्या वर मजा यायला लागते. आणि पाचजण विरुद्ध पाचजण ऑनलाइन खेळणार असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाहीच, तिथे सगळं कमी करून मॉनिटर जेवढं दाखवेल तेवढं घ्या आणि सुटा.

रिझोल्यूशनचा हिशोब पण इथेच करा. ४के म्हणजे साधारण ८३ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३७ लाख, १०८०पी म्हणजे २१ लाखाच्या आत. १४४०पी वरून ४के ला गेलात की काम सव्वादोन पट. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानदार तुम्हाला ४के मॉनिटर गळ्यात मारेल, पण सत्तावीस इंचावर टेबलाशी बसून खेळणाऱ्याला ४०८० बरोबर १४४०पी चा चांगला मॉनिटर जास्त सुखात ठेवतो असं माझं मत आहे. मी स्वतः ४के घेऊन बसलोय, तेही सांगून ठेवतो.

अडकलंय कुठे, कार्डात की प्रोसेसरमध्ये?

ही पायरी सोडू नका, भारी कार्डवाल्यांसाठी तर हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

गेममधल्या गर्दीच्या ठिकाणी उभे राहा, नाइट सिटीत (सायबरपंकमधलं शहर) कुठलाही बाजार चालेल. जीपीयू ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, छान. ६०-७० टक्क्यांवर लोळत असेल आणि तुम्ही फ्रेम्सना कुठे लिमिट लावलेलं नसेल तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतंय. खात्री करायची असेल तर डीएलएसएस अल्ट्रा परफॉर्मन्सवर टाका, चित्र घाण दिसेल पण क्षणभरच. फ्रेम्स धाडकन वाढल्या तर अडचण कार्डाची होती. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरची. आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४० टक्के दिसतोय म्हणून फसू नका, सोळा थ्रेडमधला एकच थ्रेड घामाघूम झालेला असतो आणि बाकीचे गप्पा मारत असतात, सरासरी ४०.

आता गंमत बघा. प्रोसेसर अडकलेला असताना लोक घाबरून टेक्स्चर, सावल्या, धुकं कमी करतात आणि एक फ्रेम वाढत नाही, कारण ते काम कार्डाचं आहे, प्रोसेसरचं नाही. अशा वेळी उलट करा, कार्ड रिकामंच आहे तर डीएलएसएस परफॉर्मन्सवरून क्वालिटीवर न्या, चित्र सुधारेल आणि फ्रेम्स तेवढ्याच राहतील, फुकटात. प्रोसेसरचा भार कमी करायचा तर क्राउड डेन्सिटी, म्हणजे रस्त्यावरची गर्दी, कमी करा, ती गेमप्लेच्या टॅबमध्ये लपलीय, ग्राफिक्समध्ये शोधत बसू नका. रे ट्रेसिंगचा (उजेड, सावल्या, प्रतिबिंबं खऱ्या किरणांसारखी काढणं, पाथ ट्रेसिंग त्याचाच मोठा भाऊ) भार थोडा प्रोसेसरवर पण पडतो हेही लक्षात असू द्या.

आता मेनू

सगळ्याला आधी हाय प्रीसेट लावा. अल्ट्रा नाही, हाय. हाय आणि अल्ट्रामधला फरक बऱ्याच गेम्समध्ये थांबून, डोळे बारीक करून, दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवून शोधावा लागतो आणि त्याची किंमत मात्र पळताना पण द्यावी लागते. हायवरून बेंचमार्क चालवा, आकडा लिहून ठेवा, मग एकेक गोष्ट वर न्या. एका वेळी एकच. दोन बदललीत की कोणी किती खाल्लं ते कळत नाही.

टेक्स्चर हाय म्हणजे हायच ठेवा, सायबरपंकमध्ये ते फक्त मुख्य मेनूतून बदलतं, गेम चालू असताना नाही, नवखे इथे गोंधळतात. टेक्स्चरचा भार फ्रेम्सवर जवळपास नसतो, तो व्हीरॅमवर असतो, आणि ४०८० ला १६ जीबी आहे, ४०९० ला २४. व्हीरॅम भरली तर मात्र काही खरं नाही, मग गेम दर काही सेकंदांनी गचका देतो, म्हणून कोपऱ्यातल्या आकड्यावर नजर ठेवा. ॲनिसोट्रॉपी १६ वर टाका आणि विसरा, रस्ते लांबपर्यंत स्वच्छ दिसतात आणि खर्च नगण्य.

फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक ॲबरेशन, मोशन ब्लर हे माझ्याकडे बंद असतं. यांनी फ्रेम्स फारशा वाढत नाहीत, पण एवढं महाग कार्ड घेऊन चित्रावर मुद्दाम दाणे आणि रंगीत कडा कोण टाकून घेईल. मोशन ब्लर काहींना आवडतो, कमी फ्रेम्सवर तो गचके झाकतो हे खरंय, तुमचं तुम्ही बघा.

खाणारी मंडळी आता. व्हॉल्युमेट्रिक फॉग अल्ट्रावरून हाय किंवा मीडियमवर आणा, धुकं हे धुकंच दिसतं. ढगांची क्वालिटी पण मीडियम. स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शनला (साधी, रे ट्रेसिंगशिवायची प्रतिबिंबं) सायको नावाची पायरी आहे, नावातच इशारा आहे, रे ट्रेसिंग बंद ठेवून खेळणार असाल तर हाय पुरे. सावल्यांच्या पाच-सहा ओळी आहेत, त्यातली कॅस्केडेड शॅडोजची रेंज आणि रिझोल्यूशन ही उन्हातल्या सावल्यांची, ती हायवर ठेवा कारण दिवसा ती सतत डोळ्यासमोर असतात, बाकीच्या मीडियमवर कोणाला कळत पण नाहीत. ॲम्बियंट ऑक्लूजन (कोपऱ्यातल्या आणि वस्तूंखालच्या बारीक सावल्या) हाय किंवा मीडियम, पण बंद करू नका, बंद केलं की खुर्च्या टेबलं जमिनीपासून तरंगल्यासारखी दिसतात.

रे ट्रेसिंग: सगळं किंवा काहीच नाही असं नसतं

इथेच भारी कार्डाचे पैसे वसूल होतात आणि इथेच ते वाया पण जातात.

रिफ्लेक्शन सगळ्यात आधी चालू करा. नाइट सिटी म्हणजे काच, ओले रस्ते आणि निऑन, तिथे फरक आंधळ्याला पण दिसेल. मग लाइटिंग, ते मीडियमवर किंवा अल्ट्रावर, सायको नको. सूर्याच्या आणि लोकल सावल्या शेवटी, जमलं तर. एवढ्यावर ४के ला डीएलएसएस क्वालिटी लावून ४०८० साठच्या आसपास राहतं, गर्दीत थोडं खाली जातं.

पाथ ट्रेसिंग २०२३ च्या एप्रिलमध्ये गेममध्ये आलं आणि ती वेगळीच गोष्ट आहे, त्यात प्रत्येक दिव्याचा उजेड खरोखर भिंतीवर आपटून खोलीत पसरतो. मी रात्री अंधारात एकदा नुसता एका गल्लीत उभा राहून बघत बसलो होतो. पण ४०८० वर ४के ला डीएलएसएस परफॉर्मन्स लावून पण फ्रेम जनरेशनशिवाय (तेही पुढे येतंय) साठ गाठणं कठीण आहे. ते चालू करणार असाल तर रे रिकन्स्ट्रक्शन पण चालू करा, उजेडातली वळवळ आणि दाणे त्याने बरेच कमी होतात.

डीएलएसएस आणि फ्रेम जनरेशन, हे दोन वेगळे आहेत

नवखे हे एकच समजतात. डीएलएसएस गेम लहान रिझोल्यूशनवर काढतो आणि मोठा करून दाखवतो. ४के ला क्वालिटी म्हणजे आतून १४४०पी, परफॉर्मन्स म्हणजे आतून १०८०पी. म्हणूनच १०८०पी च्या मॉनिटरवर परफॉर्मन्स लावू नका, तिथे आतून ५४०पी उरतं, मग चेहरे मेणासारखे दिसायला लागतात. २०२५ च्या जानेवारीत डीएलएसएस ४ आलं आणि सायबरपंकच्या २.२१ अपडेटमध्ये ट्रान्सफॉर्मर मॉडेल, म्हणजे डीएलएसएसची नवी सुधारलेली पद्धत, निवडायची सोय झाली, ती सगळ्या आरटीएक्स कार्डांना चालते. ते निवडा. थोडं जास्त खातं पण ४के ला परफॉर्मन्स मोड आता खुशाल वापरण्यासारखा झालाय, आधी मी त्याला हात लावत नव्हतो.

फ्रेम जनरेशन म्हणजे दोन खऱ्या फ्रेम्सच्या मधे एक बनवलेली फ्रेम घुसवणं. एनव्हिडियाचं हे ४० सिरीजपासून पुढेच चालतं आणि त्यासाठी विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंग्जमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्यूलिंग चालू पाहिजे, नाहीतर ऑप्शन करडा दिसतो. ५० सिरीजला तर एकाच्या जागी तीन फ्रेम घुसवता येतात. पण आधी खऱ्या फ्रेम्स साठच्या जवळ आणा, मग हे चालू करा. खऱ्या तीस असताना चालू केलं तर आकडा साठ दिसतो आणि हाताला मात्र तीसच, किंबहुना थोडं अजून जड, कारण मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम अडवून ठेवावी लागते. पहिल्या रात्री माझ्या माउसला जे जड वाटत होतं ना, त्यात अर्धा वाटा ६० हर्ट्झचा आणि अर्धा याचा होता. हे व्हीरॅम पण खातं.

सिंक आणि फ्रेम लिमिट

मॉनिटर जी-सिंकला (मॉनिटरचा रिफ्रेश कार्डाच्या फ्रेम्सशी जुळवणं) चालत असेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये जी-सिंक चालू, तिथेच व्ही-सिंक (चित्र मधेच फाटू न देणारं) चालू, गेममधला व्ही-सिंक बंद. ऐकायला उलटं वाटतं पण असंच नीट चालतं. मग फ्रेम्स मॉनिटरच्या हर्ट्झपेक्षा थोड्या खाली राहायला पाहिजेत, रिफ्लेक्स (माउसचा उशीर कमी करणारं एनव्हिडियाचं सेटिंग) चालू असेल तर ते आपोआप होतं, १४४ च्या मॉनिटरवर आकडा १३८ ला थांबलेला दिसेल, घाबरू नका, बिघाड नाही तो. रिफ्लेक्स नसलेल्या गेमला हाताने हर्ट्झपेक्षा तीन-चार कमी असं लिमिट लावा.

शेवटची पायरी उन्हाळ्याची

खोली जेवढी तापते साधारण तेवढंच कार्डाचं तापमान वर सरकतं. डिसेंबरात जे कार्ड निवांत असतं तेच मे महिन्यात विदर्भात दुपारी दोन वाजता एसी नसलेल्या खोलीत पंख्यांचा घूंघूं आवाज करून घर डोक्यावर घेतं. ४०८० ला ९० अंश ही कमाल मर्यादा दिलीय, त्याच्या जवळ गेलं की ते स्वतःच हळू होतं. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिटचा स्लायडर १०० वरून ८० वर आणा, म्हणजे ३२० वॉटचं कार्ड २५६ च्या आत राहील, फ्रेम्स थोड्याच कमी होतात आणि उष्णता चांगलीच कमी होते. नवख्यांनी एवढंच करावं, अंडरव्होल्टिंगची (कार्ड कमी व्होल्टेजवर चालवायची) वाकडी रेघ ओढायला नंतर शिका. आणि कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा ब्रशने काढा, रस्त्यालगत घर असेल तर पंधरा दिवसांनी. लाइट वारंवार जात असेल तर चांगल्या क्षमतेचा यूपीएस लावा, घरच्या साध्या इन्व्हर्टरवर पंखे आणि ट्यूबलाइटसोबत हे ओढू नका.

सगळं जमलं की प्रत्येक मेनूपानाचा फोटो काढून ठेवा, कारण मोठ्या अपडेटनंतर कधी कधी सेटिंग्ज स्वतःच बदलून बसतात आणि मग काय होतं ते आठवत नाही. माझे फोटो एकदा चुकून फॅमिली ग्रुपवर गेले, मावशीचा लगेच फोन, "रिपोर्ट कसले आहेत रे, सगळं नॉर्मल आहे ना?" म्हटलं मावशी, शॅडो जरा मीडियम आहे, बाकी सगळं हाय आहे. तिने बीपीच समजलं बहुतेक, कारण रात्री आईने माझ्या ताटातलं लोणचं उचलून नेलं.